सुभेदारीणबाईंचं अर्धं तिकीट

आधी माफी मागते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि शाळा चौथीतच सुटल्यामुळे ह्रस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. जिथं मोठी वेलांटी शोभेल असं वाटतं तिथं मी मोठी देते. ही वही पत्र्याच्या पेटीत लुगड्यांच्या खाली असते आणि कुणाला दाखवायचा माझा विचार नाही. पण उद्या कुणाच्या हाताला लागलीच, तर चुका सोडून द्याव्यात आणि माणूस तेवढा बघावा. कारण ज्याच्याबद्दल लिहायला बसले आहे, तो माणूस स्वतः कुणाची चूक सोडणारा नव्हता.

हवालदार तात्या रोज सकाळी मांजराला सलाम ठोकायचे.

थट्टेनं नव्हे. आंघोळ करून, धोतर-सदरा घालून, टाचा जुळवून, छाती पुढं काढून. मांजर सोप्यात पोत्यावर बसलेलं असायचं. ते एक डोळा उघडायचं, तात्यांना वरपासून खालपर्यंत बघायचं आणि डोळा मिटायचं. मग तात्या हात खाली घ्यायचे.

"आवं तात्या, मांजराला कुनी सलाम करतंय व्हय?" असं गल्लीतल्या कुणी विचारलं, की त्यांचं उत्तर तयार.

"मी हवालदार, ती सुभेदार. मी तिला आजवर शंभर हुकूम दिलं, तिनं एक मानला न्हाई. तिनं एक दिला, की मी उठून दूध आनतो. आता तूच सांग गड्या, वरचा हुद्दा कुनाचा? कायदा म्हंजी कायदा."

म्हणून त्या मांजरीचं नाव सुभेदारीणबाई.

आमचं गाव आष्ट्यापासून बैलगाडीनं तासाभराच्या वाटेवर. पुढं ऊस, मागं ऊस. तात्यांचं घर आणि आमचं घर यांत एक भिंत. ते माझ्या मालकांचे लांबचे चुलते, म्हणून मी त्यांच्यासमोर पदर सावरून असायची आणि ते मला सूनबाई म्हणायचे. पलटणीतून पेन्शनीत निघाले तरी पलटण त्यांच्यातून निघाली नव्हती. त्यांच्या दोन म्हशी एका रेषेत बांधलेल्या असायच्या. अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांची देठंसुद्धा एका दिशेला. एखादी मिरची वाऱ्यानं फिरली तर तात्या वाकून तिला पुन्हा रांगेत आणायचे.

बायको लवकर गेलेली. एकुलती लेक, शकू. मांजर खरं शकूचं. शाळेतून येताना उसाच्या फडात सापडलेलं पिलू तिनं परकरात घालून आणलं. तेव्हा तात्या रजेवर आले होते. म्हणाले, "हे घर हाय का पांजरपोळ?" पण शकूनं ठेवून घेतलं.

पुढं तात्यांनी पलटणीतल्या एका दोस्ताला शब्द दिला, माझी पोरगी तुझ्या घरात देईन. शकूनं सांगितलं, तू देशील तिथं मी जाणार नाही. तिनं कराडच्या बोर्डिंगात असताना ओळख झालेल्या एका मास्तराशी लग्न केलं आणि ती साताऱ्याला राहायला गेली. तात्यांचा दोस्ताजवळचा शब्द खाली पडला. लग्नानंतर दोघं पाया पडायला आली, तर तात्या उंबऱ्यावर आडवे उभे राहिले. मी भिंतीआडून ऐकलंय. म्हणाले, "ह्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा न्हाई. हा हुकूम हाय."

आणि तात्या दिलेला हुकूम मागं घेत नसत. तसा कायदा होता त्यांचा.

शकू गेली. मांजर राहिलं.

दोन महिन्यांनी शकूचं कार्ड आलं, ते तात्यांना नाही, मला. "वैनी, माझं मांजर कसं आहे?" तात्यांविषयी एक अक्षर नाही. मी जन्मात कुणाला पत्र लिहिलं नव्हतं. कार्ड हातात घेऊन बसले होते, तेवढ्यात तात्या भिंतीपलीकडून म्हणाले, "सूनबाई, कुनाचं कार्ड?"

"शकूचं. मांजराचं इचारलंय."

मग म्हणाले, "लिव. मांजर ठीक हाय. टायमावर जेवतं. गुडघं दुखत्यात जरा."

मांजराचे गुडघे! मी मुकाट्यानं लिहिलं.

सहा वर्षं हे असंच चाललं. थंडीत तात्यांना खोकला झाला की मी लिहायची, "मांजराला खोकला झाला आहे." शकू उत्तरात लिहायची, "मांजराला म्हणावं, अडुळशाचा काढा घे आणि विडी सोड." तात्या मांजराकडं बघून म्हणायचे, "ऐकलं का सुभेदारीनबाई? विडी सोडा." आणि स्वतःच्या खिशातलं बंडल माझ्या पोराकडं देऊन टाकायचे, चुलीत घाल म्हणून. दोघांतलं कुणी एकदाही एकमेकांचं नाव घेतलं नाही. मला लिहायची जी काही सवय लागली, ती या मांजरामुळं.

मग एका माघात शकूचं कार्ड आलं. "वैनी, मांजराला एकदा डोळ्यांनी बघावंसं फार वाटतं. ते आता म्हातारं झालं असेल. मला येता येत नाही हे तुला माहीतच आहे."

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. तात्या उठून उभे राहिले. मला वाटलं, आता डोळे पुसतील. ते म्हणाले, "मांजराला साताऱ्याला हलवायचं. हुकूम आलाय."

"तात्या, तिला मांजर नगं हो, तिला..."

"कार्डात काय लिवलंय? मांजर. मग मांजर. उंबऱ्याच्या आत ती यायची न्हाई, हे ठरलंय. मांजरानं तिच्याकडं जायाचं न्हाई, असं कवा ठरलं?"

त्या दिवसापासून गल्लीला बघायला तमाशा मिळाला. तात्यांनी बुरुडाकडून कोंबड्यांच्या डालग्यासारखं एक डालगं करून घेतलं, पण झाकणाचं आणि कडीचं. मांजराला त्यात कोंबायचं नाही, असा त्यांचा नियम. पहिले आठ दिवस डालगं नुसतं सोप्यात उघडं. "तिला वाटलं पायजे, ही आपली खोली हाय." तळाला पोतं आणि पोत्यावर शकूचा जुना परकर. मी म्हटलं, "द्या, धुऊन देते." तात्या केवढ्यानं ओरडले! "धुवायचा न्हाई! धुतला की वास जातो. वास गेला की धीर जातो."

मांजर डालग्यात झोपायला लागलं, मग झाकण. मग झाकण लावून उचलणं. मग उचलून अंगणाला फेरी. मग बैलगाडी. पण एस.टी.च्या आवाजाचं काय? तात्यांनी त्यावर उपाय काढला. रोज दुपारी डालगं घेऊन ते पिठाच्या गिरणीत जाऊन बसायचे. इंजिन धडधडायचं, दळणाच्या रांगेतल्या बाया पदराआडून हसायच्या, आणि तात्या घड्याळ लावून अर्धा तास बसायचे. परत येताना मांजर पांढरं आणि तात्यांच्या मिशाही पांढऱ्या.

"तात्या, जवारी दळाया आनली का मांजर?" गिरणीवाला विचारायचा.

"मशीनची सवय होतीया. नवा जवान बंदुकीला पयल्यांदा भितोच."

मांजराच्या गळ्यात त्यांनी जर्मनच्या जुन्या ताटलीतून कापलेला एक बिल्ला बांधला. वर खिळ्यानं ठोकून नाव आणि गाव. "हरवलेला मानूस बिल्ल्यावरनं घरी पोचतो," म्हणाले. निघायच्या आदल्या संध्याकाळपासून मांजराला जेवण बंद, नुसतं दोन घोट पाणी, म्हणजे गाडीत मळमळ नको. पलटणीतली पाण्याची बाटली. एका डब्यात चुलीची राख, वाटेत गरज लागली तर. एवढी तयारी तर माझ्या बाळंतपणाला झाली नव्हती.

एवढं करून तात्या गेले आणि दुपारी परत आले. आष्ट्याच्या स्टँडवरूनच.

"सुभेदारीनबाईचं प्वाट बिघडलं."

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, पुन्हा आले. या वेळी म्हणे सुभेदारीणबाईंना गर्दी पसंत पडली नाही. आणि सुभेदारीणबाई तर डालग्यात गाढ झोपलेल्या.

रात्री जेवताना आमचे मालक मला म्हणाले, "मांजराचं प्वाट ठीक हाय. भ्यालंय ते म्हातारं. लेकीनं दार लावून घेतलं तर काय, ह्याचं भ्या हाय. तिसऱ्या बारीला त्यो वाटेतनं परत आला, तर पुन्हा जन्मात जायाचा न्हाई. तू जा संगं."

"मी?" माझा घास हातातच राहिला. अनोळखी माणसासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. दुकानात गेले तर साखर हवी असली तरी दुकानदार विचारीपर्यंत मी उभी राहते.

"बोलायचं कशाला? नुसतं संगं बसायचं. आनि उतरू द्यायचं न्हाई."

तर अशी आम्ही निघालो. सांगलीहून सुटलेली सातारा गाडी आष्ट्यात मिळाली. डालगं तात्यांच्या मांडीवर, मी खिडकीशी. कंडक्टर पंच वाजवत आला.

"दोन सातारा फुल," तात्या म्हणाले, "आनि एक अर्धं."

"अर्धं कुनाचं?"

"सुभेदारीनबाईंचं." तात्यांनी झाकण बोटभर उचललं.

कंडक्टरनं आत बघितलं. आतून कंडक्टरकडं बघितलं गेलं. "आवं बाबा, मांजराला तिकीट नसतंय."

"का नसतंय? जागा अडवतंय, वजन हाय, साताऱ्याला चाललंय. फुकट न्यायचं म्हंजी सरकारची चोरी."

"माझ्या पेटीत मांजराचं तिकीटच न्हाई तर मी कुठनं देऊ?"

"मानसाचं अर्धं द्या. मी काय म्हननार न्हाई."

"मला साहेब म्हनंल की! मांजराला मानसाचं तिकीट फाडलं म्हनून!"

गाडीतली माणसं हसून लोळायची राहिली. तिकिटाचे पैसे घ्या म्हणून भांडणारा उतारू कंडक्टरनं जन्मात बघितला नसेल. शेवटी तो दोन फुल तिकिटं देऊन पुढं पळाला. तात्यांनी सव्वादोन रुपये मुठीत तसेच धरून ठेवले. "सूनबाई, नोंद ठेव. मांजराचं अर्धं तिकीट. एस.टी.चं देनं राहिलं."

इस्लामपूर गेलं, पेठ नाका गेला. गिरणीतल्या इंजिनाचा उपयोग झाला असावा, मांजर हूं की चूं नाही. पण कराड तीन-चार मैलांवर आलं आणि काय झालं कोण जाणे, आतून एक लांब म्याव आलं.

पुढच्या बाकावरच्या पटकेवाल्या पाटलांनी गर्रकन मान वळवली. त्यांच्या मांडीवर नवं धोतर, नारळ आणि पेढ्यांचा पुडा. "मांजर हाय का काय गाडीत?"

"हाय."

"आवं, आमी लेकीचं जमवाया निघालोय साताऱ्याला! मांजर आडवं गेलं तर मानूस घरी परत जातो, आनि तुमी गाडीतच घेऊन बसला?"

"आडवं कुठं गेलंय?" मागून एक म्हातारी म्हणाली. "संगं चाललंय."

"संगं बी वाईटच!"

"संगं वाईट असतं तर गाडी आष्ट्यातच बंद पडली असती," आणखी कुणीतरी म्हणालं. निम्मी गाडी पाटलांकडून, निम्मी मांजराकडून. कंडक्टर वैतागला. आधीच तात्यांनी त्याला छळलेलं. तो म्हणाला, "बाबा, कराडला उतरा. मागनं दुसरी गाडी हाय, तिनं या."

मला वाटलं, आता तात्या कायदा काढणार. पण तात्या एकदम गार झाले. "बरं," म्हणाले. "हुकूम हाय तर उतरतो." आणि डालग्याची नाडी बांधायला लागले. माणसाला नको त्या कामातून सुटका मिळाल्यावर तोंड कसं होतं, तसं त्यांचं तोंड झालं. पण नाडीची गाठ काही बसेना.

मला कळलं, हे उतरले की मागच्या गाडीनं साताऱ्याला जायचे नाहीत. समोरून येणाऱ्या गाडीनं घरी जातील.

मी तोंड उघडलं. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. मग फुटला तो इतका मोठा, की ड्रायव्हरनं आरशात बघितलं.

"तात्या उतरनार न्हाईत!"

सगळी गाडी माझ्याकडं. मी पदर घट्ट धरला आणि पाटलांच्या पटक्याकडं बघून बोलले, तोंडाकडं बघायचा धीर नव्हता. "मामा, तुमी लेकीचं जमवाया निघालाय, चांगलं हाय. ह्यांची लेक लगीन करून साताऱ्याला गेली, त्याला सहा वर्सं झाली. सहा वर्सांत ह्यांनी तिचं त्वांड बघितलं न्हाई. आज निघालेत. मांजर तिचं हाय. आज उतरले, तर पुन्हा निघायचे न्हाईत. उद्या तुमची लेक सहा वर्सं डोळ्याला पडली न्हाई, तर?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. तात्या डालग्याकडं बघत होते.

पाटील वळून पुढं बघायला लागले. कराड आलं. स्टँडवर गाडी थांबली. पाटील उठले, खाली उतरले. मला वाटलं, रागावून गेले. ते चढले तेव्हा तात्यांची पाण्याची बाटली भरून आणली होती, कधी नेली कळलं नाही.

"बाई, तुमी जरा अलीकडं व्हा," ते म्हणाले. "त्यांना खिडकी द्या. मांजराला वारा लागंल." आणि मग तात्यांना, "माझं काम झालं ना, तर ह्या मांजराला शेरभर दूध माझ्याकडनं."

कंडक्टरनं घंटी मारली. तात्यांनी साताऱ्यापर्यंत डालगं खिडकीशी धरून ठेवलं.

मास्तरांचं बिऱ्हाड दोन खोल्यांचं. शकू दारात तांदूळ निवडत होती. आम्हाला बघून ती उठली, आणि ती उठली तेव्हा आम्हाला दिसलं की ती सात महिन्यांची पोटुशी आहे. पत्रात एका अक्षरानं लिहिलं नव्हतं. मांजर बघावंसं का वाटत होतं ते मला तेव्हा कळलं. डोहाळे लागले होते पोरीला.

तात्या दाराबाहेरच थांबले. टाचा जुळवलेल्या, डालगं पुढं धरलेलं, नजर भिंतीवर. "मांजर पोचतं केलंय," म्हणाले.

शकूनं डालगं घेतलं आणि झाकण काढलं. सुभेदारीणबाई परकरावर बसून होत्या. शकूनं तो परकर ओळखला. खाली मान घालून ती कितीतरी वेळ मांजराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग मांजराकडेच बघत म्हणाली, "लांबनं आलंय. मांजराला च्या चालंल का?"

तात्या भिंतीकडंच बघत म्हणाले, "चालंल. साखर जरा जास्त."

"मग मांजराला म्हनावं, आत ये. बाहीर ऊन हाय."

तात्या आत गेले.

मांजर साताऱ्यालाच राहिलं. ज्याचं त्याला पोचतं झालं, परत कसं आणायचं, असं तात्यांचं म्हणणं. येताना रिकामं डालगं त्यांच्या मांडीवर होतं. आष्ट्याला उतरल्यावर ते डेपोतल्या खिडकीशी सव्वादोन रुपये भरायला उभे राहिले. आतला माणूस म्हणाला, असं खातं नाही. तात्या म्हणाले, खातं उघडा. त्यानं खिडकी लावून घेतली.

पुढचे दोन महिने मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. सकाळी आंघोळ करून, टाचा जुळवून सोप्यात यायचे, हात अर्धा वर जायचा आणि समोर नुसतं डालगं, झाकण उघडं. मिरच्यांची देठं वाकडीतिकडी पडली होती. एक दिवस म्हणाले, "सूनबाई, साताऱ्याला कार्ड टाक."

"काय लिवू?"

"लिव, डालगं रिकामं हाय."

एवढंच लिहिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. त्यातही एकच ओळ. "वैनी, डालग्याला सांग, त्याला नात झाली. दिवाळीला न्यायला ये म्हणावं."

तात्यांनी ते कार्ड माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं. मग गल्लीभर हिंडून गूळ वाटला. ज्यानं विचारलं, कसला गूळ, त्याला म्हणाले, "डालग्याला नात झाली." माणसं गूळ खायची आणि एकमेकांकडं बघायची.

दिवाळीच्या आधी ते एकटेच गेले. या वेळी मला कुणी बरोबर पाठवलं नाही.

संध्याकाळी बैलगाडी दाराशी आली. मास्तर, शकू, तिच्या खांद्यावर पोरगी झोपलेली, आणि डालगं. शकू उंबऱ्याशी येऊन थांबली. पुढं पाय टाकेना. सहा वर्षांपूर्वी ज्या दगडावर उभी होती, त्याच दगडावर.

तात्यांनी डालगं खाली ठेवलं, झाकण काढलं आणि टाचा जुळवल्या. "सुभेदारीनबाई, आत चला," ते मोठ्यानं म्हणाले. "जुना हुकूम रद्द झालाय."

मांजर आळस देत उठलं आणि उंबरा ओलांडून सरळ आपल्या पोत्यावर गेलं. मागोमाग शकू गेली.

चहा घेताना शकूच मला हसत सांगत होती. "वैनी, तात्यानं आज गाडीत पुन्हा भांडन काढलं. ह्या एवढ्याशा पोरीचं फुल तिकीट मागितलं! कंडक्टर म्हनतोय, मांडीवरच्या पोराला तिकीटच लागत न्हाई. ह्यो म्हनतोय, कायद्यात मानसाचं तिकीट घेऊ नका असं कुठं लिवलंय? शेवटी फाडलं त्यानं."

तात्यांनी खिशातून तिकीट काढलं आणि माझ्यासमोर धरलं. घडी नाही, सुरकुती नाही.

"सूनबाई, लिवून ठेव. सुभेदारीनबाईचं जातानाचं अर्धं, येतानाचं अर्धं. मिळून एक फुल. पुरं फिटलं."